कमी आणि खोट: न उतरलेल्या स्कोलिनचे प्रकरण

हे प्रकरण कोणा एका पेशंटचे नाही. अशा प्रसंगांत जे घडते ते जुळवून, अभ्यासासाठी ते बेतले आहे. वेळा आणि तपासण्यांचे आकडेही तसेच घेतले आहेत. औषधांचे डोस, रसायनशास्त्र आणि इतिहास मात्र जसाच्या तसा आहे.

पेशंट शिरोळ तालुक्यातला ३१ वर्षांचा ऊस उत्पादक शेतकरी, वजन ६० किलो. १४ तासांपासून पोटदुखी, तीन उलट्या, सोनोग्राफीत सुजलेले अपेंडिक्स. कोल्हापुरातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात रात्री साडेअकराला त्याला थिएटरमध्ये घेतले. आधीचा कोणताही आजार नाही. ‘घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?’ हा प्रश्न विचारला गेला, त्याला उत्तर ‘नाही’ असे आले. त्या उत्तराकडे पुढे परत यावे लागेल.

आतडी मंदावली की पोट भरलेलेच समजायचे. अशा पेशंटला झोपवल्यापासून श्वासनलिकेत ट्यूब जाईपर्यंतचा वेळ शक्य तेवढा तोकडा ठेवावा लागतो, कारण त्याच वेळात पोटातले फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून भूलतज्ज्ञांनी तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला, मग झोप आणणारे प्रोपोफॉल १२० मिलिग्रॅम आणि लगेच स्कोलिन, म्हणजे सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध, किलोला १.५ मिलिग्रॅम या हिशेबाने ९० मिलिग्रॅम. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या कुपीतून हे १.८ मिलिलिटर भरते. पापण्या, खांदे, पोटऱ्या थरथरल्या आणि साधारण मिनिटभरात सगळे अंग सैल पडले. ११:४० ला ट्यूब बसली. इथवर सगळे पुस्तकाप्रमाणे.

स्कोलिनचा असर पाच ते दहा मिनिटांत उतरतो. तो उतरल्याची खूण दिसेपर्यंत दुसरे, लांब टिकणारे स्नायुशैथिल्यक द्यायचे नाही, ही सवय ज्या भूलतज्ज्ञांनी जपली आहे त्यांच्याच थिएटरमध्ये हे प्रकरण वेळेत ओळखू येते. पहिल्याच्या पाठोपाठ ॲट्राक्युरियम दिले असते, तर पेशंट नक्की कशामुळे सैल आहे हे तासाभरानेही सांगता आले नसते. इथे ते थांबले. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली, तरी श्वासाची चुळबुळ नाही. कॅप्नोग्राफचा, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राचा, आलेख सपाट माथ्याचा, एकही खाच नाही. विसाव्या मिनिटाला मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, नर्व्ह स्टिम्युलेटरचे दोन इलेक्ट्रोड लावले. चार झटके दिले, अंगठा एकदाही हलला नाही. चुकून बॅटरी उतरली आहे का हे पाहायला भूलतज्ज्ञांनी तेच इलेक्ट्रोड स्वतःच्या मनगटाला लावले, त्यांचा अंगठा चारही वेळा आत ओढला गेला. तिसाव्या मिनिटालाही पेशंटचे उत्तर शून्य. निदान तिथेच झाले: स्कोलिन तुटत नाही.

या क्षणी हात शिवशिवतात आणि निओस्टिग्मिनकडे जातात, कारण भूल उतरवताना रोज तेच दिले जाते. इथे ते घातक ठरू शकते. स्नायूंना हलण्याचा इशारा देणारे ॲसिटिलकोलिन ज्या एन्झाइमने तुटते त्या ॲसिटिलकोलिनएस्टरेजला निओस्टिग्मिन रोखते, आणि स्कोलिन तोडणाऱ्या, रक्तातल्या ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमलाही रोखते. स्कोलिन तोडणारे जे काही थोडेफार उरले असेल तेही त्याने बंद होते, आणि स्नायूच्या टोकाशी साठलेले ॲसिटिलकोलिन स्कोलिनच्याच बाजूने भर घालते. ते दिले नाही. ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मात हे एन्झाइम असते, पण व्हेंटिलेटर हाताशी असताना केवळ वेळ वाचवण्यासाठी दुसऱ्याचे रक्तघटक चढवण्यात अर्थ नाही. तेही टाळले.

मग राहिले एकच काम, आणि आमच्या मते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे: पेशंट झोपलेला ठेवणे. स्कोलिन गुंगी आणत नाही. ऑपरेशन आटोपले म्हणून भुलीचा वायू बंद केला आणि स्नायू अजून सैल आहेत, तर आतला माणूस पूर्ण जागा असतो, सगळे ऐकतो, टाके जाणवतात, आणि बोटही हलवू शकत नाही. अशा अनुभवाचे ओरखडे वर्षानुवर्षे जात नाहीत. १२:३५ ला शस्त्रक्रिया संपली तेव्हा आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू बंद करण्याआधी प्रोपोफॉलचा पंप सुरू केला: तासाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या कुपीतून तासाला १८ मिलिलिटर. दुखण्यासाठी फेंटानिल. दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, कपाळावरचा घाम आणि डोळ्यांतले पाणी नोंदवले, कारण हलू न शकणारा माणूस एवढ्याच खुणांनी बोलतो. डोळ्यांच्या पापण्या टेपने बंद, अंगावर गरम हवेचे पांघरूण, श्वासातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० दरम्यान.

बाहेर थोरला भाऊ बसून होता. ‘सायेब, तासाभराचं काम म्हणला हुतासा न्हवं? अजून उठंना कसा?’ त्याला बाजूला बसवून नेमके सांगितले: ऑपरेशन नीट झाले आहे, अंग सैल करणारे औषध त्याच्या रक्तात हळू विरघळते आहे, तोवर मशीन श्वास देईल, दोन ते सहा तास लागतील. सहाचा आकडा आधीच सांगितल्याने पुढचे तास सर्वांना सोपे गेले. बोलता बोलता भावाने एक गोष्ट सांगितली, जी केसपेपरवर नव्हती. चार दिवसांपूर्वी दोघांनी मिळून उसाच्या बुडख्यात हुमणीसाठी क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतले होते, हातमोजे न घालता.

सगळ्यांना उत्तर सापडल्यासारखे वाटले. ते उत्तर अर्धेच होते.

पहाटे २:२५ ला अंगठ्याचा पहिला झटका दिसला. ३:१० ला चार झटके दिसले, पण पहिल्यापेक्षा चौथा स्पष्ट कमी. असा उतार स्कोलिनच्या नेहमीच्या असरात दिसत नाही. औषध फार मोठ्या मात्रेत किंवा फार वेळ स्नायूवर राहिले की दिसतो. ३:५० ला चारही सारखे वाटले. इथे एक व्यवहाराची गोष्ट. चौथ्या झटक्याचे पहिल्याशी गुणोत्तर साधारण ०.४ च्या पुढे गेले की डोळ्यांनी पाहून त्यांतला फरक ओळखता येत नाही, आणि ट्यूब काढायला हवे किमान ०.९. आकडा मोजणारे यंत्र नसेल तर ‘सारखे दिसतात’ एवढ्यावर ट्यूब काढू नये. म्हणून आणखी ४५ मिनिटे थांबून प्रोपोफॉल बंद केले, पेशंटने सांगितल्यावर डोके पाच सेकंद उचलून धरले, आणि ४:५५ ला ट्यूब निघाली. त्याला मधले काहीही आठवत नव्हते.

तपासणीत एक चूक झालीच. रात्री एक वाजता ब्युटिरिलकोलिनएस्टरेज मोजायला रक्ताचा नमुना घेतला तो हाताला लागलेल्या राखाडी टोपणाच्या नळीत. ती साखरेची नळी. तिच्यात सोडियम फ्लोराइड असते, आणि फ्लोराइड स्वतःच या एन्झाइमला रोखते. त्या नळीतून आकडा खोटाच कमी आला असता. नमुना फेकून दिला. दोन दिवसांनी साध्या नळीत, रक्तात स्कोलिनचा अंश उरलेला नसताना, पुन्हा घेतला. नळीवर ‘निओस्टिग्मिन नाही, प्लाझ्मा नाही’ असे लिहिले, कारण यांतले काहीही दिले असते तर वाचन निरुपयोगी होते. निकाल १,४५० युनिट प्रति लिटर. या पद्धतीत निरोगी पुरुषात साधारण ५,००० ते १२,००० अपेक्षित असते.

आकडा कमी, शेतात ऑरगॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक. फाइल बंद करायला हे पुरेसे वाटते. तरी दोन गोष्टी बसत नव्हत्या. लाल पेशींतले ॲसिटिलकोलिनएस्टरेज नॉर्मल होते. आणि भरतीच्या वेळी लाळ, घाम, मंद नाडी, बारीक बाहुल्या यांतले काही नव्हते. क्लोरपायरीफॉसचे यकृतात ऑक्सॉन बनते, तेच खरे विष, आणि ते ब्युटिरिलकोलिनएस्टरेजला आधी पकडते. त्यामुळे थोड्या संपर्काने हे एन्झाइम कमी होऊन लाल पेशींतले शाबूत राहू शकते. पण थोड्या संपर्काने चार-पाच तासांचा असर? एन्झाइम निम्मे झाले तरी स्कोलिन काही मिनिटेच जास्त टिकते. हिशेब जुळत नव्हता, म्हणून डायब्युकेन क्रमांक मागवला.

हा क्रमांक वर्नर कॅलो आणि त्यांचे सहकारी जेनेस्ट यांनी १९५७ साली मांडला आणि तो आजही वापरला जातो. बेंझॉइलकोलिन हे द्रव्य एन्झाइमपुढे ठेवायचे आणि २४० नॅनोमीटरवर ते किती वेगाने तुटते ते पाहायचे. मग १० मायक्रोमोलर डायब्युकेन, म्हणजेच सिंकोकेन हे बधिर करणारे औषध, घालून पुन्हा पाहायचे. वेग जितके टक्के घटला तो क्रमांक. समजा आधी मिनिटाला ०.०५० इतके वाचन घटत होते आणि डायब्युकेननंतर ०.०१० राहिले, तर क्रमांक ८०: नॉर्मल. आपल्या पेशंटचा ०.०५० चा ०.०३९ झाला. क्रमांक २२. खोट असलेली दोन्ही जनुके वारशाने आली की क्रमांक २० च्या आसपास येतो, एकच आली तर ६० च्या आसपास.

म्हणजे एन्झाइम कमी होते, हे खरे. पण जे होते त्यातही खोट होती. कमी आणि खोट हे दोन वेगळे दोष आहेत, आणि नुसता युनिटचा आकडा त्यांना वेगळे करू शकत नाही. का, हे रेणूकडे जवळून पाहिले की कळते.

ब्युटिरिलकोलिनएस्टरेजमध्ये एक अरुंद, खोल घळ असते, तिच्या तळाशी तोडण्याचे काम करणारे तीन अमिनो आम्लांचे त्रिकूट (आकडा म्हणजे साखळीतली जागा): सेरीन १९८, ग्लुटामेट ३२५, हिस्टिडीन ४३८. सेरीन एस्टर बंधावर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांना जोडणाऱ्या दुव्यावर, झडप घालते, अर्धा तुकडा स्वतःला चिकटवून घेते, मग पाण्याचा रेणू तो सोडवतो. घळीच्या तोंडाशी ७० व्या जागी ॲस्पार्टेट असते, ऋण भाराचे. स्कोलिनच्या दोन्ही टोकांना धन भार आहे. तोंडावरचा हा ऋण भार त्याला ओढून आत सारतो. सर्वांत प्रसिद्ध खोटीत एवढेच घडते: ७० व्या जागी ॲस्पार्टेटऐवजी ग्लायसीन येते, आणि ग्लायसीनला भार नाही. तळचे त्रिकूट धडधाकट आहे, पण दारावर ओढून घेणारे कोणी नाही. रक्तात स्कोलिन विरळ असते, त्यामुळे ते आत जातच नाही. डायब्युकेनलाही धन भार आहे, तेही याच कारणाने नीट चिकटत नाही, म्हणून एन्झाइमला रोखू शकत नाही आणि क्रमांक घसरतो. एकाच हरवलेल्या भाराने आजारही समजतो आणि तपासणीही.

कीटकनाशकाचे काम उलट. ऑक्सॉन थेट तळच्या सेरीनवर फॉस्फेटचा तुकडा डकवते, तो निघत नाही. तो रेणू बाद. पण जे रेणू वाचले त्यांचे दार पूर्वीसारखेच आहे. म्हणून विषबाधेत युनिट घसरतात आणि क्रमांक ८० च्या आसपास टिकतो. यकृत नवे एन्झाइम बनवत राहते, काही आठवड्यांत आकडा भरून येतो.

हा क्रमांकही एका जागी तोकडा पडतो. काही प्रकारांत एन्झाइम बनतच नाही किंवा बनून निकामी असते. मग रोखायला काही नसल्याने क्रमांक काढताच येत नाही. भारतात हे आर्य वैश्य समाजात नोंदले गेले आहे, तिथे ३०७ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन येते, आणि २००६ साली ते प्रसिद्ध झाले. अशा पेशंटमध्ये युनिट जवळपास शून्य येणे हेच निदान. आणि हे सगळे लोक एरवी पूर्ण निरोगी असतात. या एन्झाइमवाचून शरीराचे रोजचे काही अडत नाही, ते फक्त स्कोलिनसारख्या औषधापुढे उघडे पडतात.

नेहमीच्याच मात्रेने मोठ्या मात्रेसारखा असर का झाला, याचे उत्तरही इथेच आहे. शिरेत टोचलेल्या स्कोलिनचा बहुतेक भाग स्नायूपर्यंत पोचण्याआधी रक्तातच तुटतो, साधारण दहावा हिस्सा पोचतो. स्नायूजवळचे ॲसिटिलकोलिनएस्टरेज त्याला तोडू शकत नाही. रक्तातली पातळी उतरली की ते तिथून निघून रक्तात परतते, एवढीच त्याची सुटका. वाटेवरचा पहारा नसला की सगळी मात्रा स्नायूवर धडकते आणि परतायला जागा राहत नाही. आपल्या पेशंटला ९० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात कितीतरी पट डोस पडला.

स्कोलिनचा रेणू म्हणजे शेपटीला शेपटी जोडलेले दोन ॲसिटिलकोलिन. स्नायू सैल करणारा त्याचा गुण डॅनियल बोव्हे यांनी १९४९ मध्ये दाखवला, १९५१ पासून ते शस्त्रक्रियेत आले. मधल्या दोन एस्टर बंधांमुळेच ते इतके आखूड टिकते. तेच बंध पाण्यातही हळूहळू तुटतात, म्हणून कुपी आम्लधर्मी ठेवलेली असते आणि २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये थिएटरच्या ट्रॉलीवर दिवस दिवस पडलेली कुपी कमी असर देते ती यामुळे.

औषधाचा शेवट एस्टर बंधात बांधून ठेवायचा ही कल्पना फार मोलाची होती. धोका होता तो शेवट एकाच एन्झाइमच्या हाती, त्यातही खोट संभवणाऱ्या एन्झाइमच्या हाती देण्यात. नंतर आलेल्या मिव्हाक्युरियम या स्नायुशैथिल्यकाने हाच धोका पुन्हा पत्करला. तेही याच एन्झाइमवर अवलंबून, आणि या पेशंटमध्ये तेही तासन्‌तास टिकेल. रेमिफेंटानिल हे वेदनाशामक घडवताना मिथाइल एस्टर अशा जागी बसवला की रक्तातली आणि ऊतींतली अविशिष्ट एस्टरेज एन्झाइम्स तो तोडतात. पंप बंद केल्यावर पातळी निम्म्यावर यायला तीन-चार मिनिटे लागतात, कितीही तास चालवले तरी. नाडी मंदावणाऱ्या एस्मोलॉलचा मिथाइल एस्टर रेणूच्या गर्दीपासून लांब, मोकळ्या टोकाला आहे. लाल पेशींतले एस्टरेज तो तोडते, अर्धायुष्य सुमारे ९ मिनिटे. ॲट्राक्युरियम तर स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक यांनी मुद्दाम असे रचले की शरीराच्या तापमानाला आणि आम्लतेला ते आपोआपही मोडते. ही तिन्ही औषधे आपल्या पेशंटला नेहमीच्या मात्रेत चालतात. ‘याला एस्टर असलेले काहीच देऊ नका’ असा शेरा केसपेपरवर दिसतो तो चुकीचा आहे. प्रश्न एस्टर आहे का हा नाही, तो कोण तोडते हा आहे.

यकृत आणि आतड्यात हे काम दोन कार्बॉक्सिलएस्टरेज वाटून घेतात. यकृतातल्या पहिल्याला आम्लाची बाजू मोठी आणि अल्कोहोलची बाजू लहान आवडते: ऑसेल्टॅमिव्हिरचा इथाइल गट तेच काढते आणि तेव्हा कुठे ते फ्लूवर काम करते. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा मोठा भाग मात्र तेच निकामी करते. आतड्यात भरपूर असलेल्या दुसऱ्याची पसंती उलटी आहे, कर्करोगावरचे इरिनोटेकान त्याच्याकडे जाते. औषध रचताना एस्टर कोणत्या बाजूला किती जाड ठेवायचा हे या पसंतीवरून ठरवतात. इथे एक सापळा आहे. उंदराच्या प्लाझ्मात कार्बॉक्सिलएस्टरेज भरपूर असते, माणसाच्या प्लाझ्मात नसते. उंदरात मिनिटांत तुटणारा रेणू माणसाच्या रक्तात तसाच फिरत राहू शकतो.

दम्यासाठी दिले जाणारे बँब्युटेरॉल इथे विसरू नये. ते शरीरात ब्युटिरिलकोलिनएस्टरेजच्या हातूनच उघडून टर्ब्युटालिन बनते, आणि उघडताना त्याच एन्झाइमला बराच वेळ अडकवून ठेवते. ही गोळी चालू असलेल्या निरोगी माणसातही स्कोलिन लांबते. म्हणून भुलीआधीच्या चौकशीत दम्याची गोळी, शेतातले औषध, गरोदरपण आणि यकृताचा आजार हे चारही विचारावेत. ‘फवारणी केली का’ एवढे विचारून भागत नाही. आळवणी करणारा ‘नाही’ म्हणतो, कारण त्याने पंप पाठीला लावलेला नसतो.

आता ते पहिले उत्तर. ‘घरात कुणाला त्रास नाही’ हे खरेच होते, कारण घरात कुणाला पूर्ण भूल दिलीच गेली नव्हती. थोरल्या भावाचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते, पण पाठीत सुई देऊन. पुढे प्रश्न बदलला: ‘कुणाला पूर्ण झोपवून ऑपरेशन झालं होतं का, आणि मशीनवर ठेवावं लागलं का?’

आठ आठवडे शेतातल्या औषधाला हात न लावता पेशंटचा नमुना पुन्हा घेतला: १,९०० युनिट, क्रमांक २१. चढलेले साडेचारशे युनिट कीटकनाशकाच्या वाट्याचे मानता येतात, बाकी सगळे जन्माचे. आईचा क्रमांक ६१. भावाचा २३. हर्नियाऐवजी त्याचेच अपेंडिक्स फुटले असते तर तोही याच टेबलावर असता, आणि पहिल्याच दिवशी फाइल ‘विषाचा परिणाम’ म्हणून बंद झाली असती तर त्याची तपासणी झालीच नसती. पेशंटची बायको त्याच्या मामाची मुलगी. मामाकडेही हेच जनुक असण्याची शक्यता होती, म्हणून तिचा नमुना घेतला. तिचा ७९ आला. त्यामुळे दोन्ही मुलांकडे एकच खोट असेल, आणि तेवढ्याने स्कोलिन सहसा थोडेच लांबते.

दोघा भावांना खिशात मावेल असे लॅमिनेट केलेले कार्ड दिले. त्यावर मराठीत आणि खाली इंग्रजीत: ‘मला स्कोलिन (सक्सामेथोनियम) आणि मिव्हाक्युरियम देऊ नये. प्रोकेन, क्लोरोप्रोकेन टाळावे. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, एस्मोलॉल, रेमिफेंटानिल चालतील. घाईत ट्यूब घालायची असल्यास रोक्युरोनियम किलोला १.२ मिलिग्रॅम, सुगमाडेक्स हाताशी ठेवून.’ मागच्या बाजूला क्रमांक आणि तपासणीची तारीख. थोरल्याने कार्डाचा मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला आणि आईच्या मोबाइलवरही पाठवला.